पास आणि नापास

मुलांनो, निकालाच्या दिवशी शाळेतून घरी जाताना भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो, "काय, पास झालास का?" विचारणारा मराठी बोलणारा असो वा उर्दू, शब्द तोच. तो इंग्रजी आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही, इतका तो आपल्याकडे रुळला आहे.

या शब्दाचे मूळ मात्र इंग्रजीच्याही मागे, लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल, उर्दूत कदम. प्राचीन रोमचे लोक लांबचे अंतरही पावलांनी मोजत. त्यांचे एक पाऊल म्हणजे आपली दोन पावले, सुमारे दीड मीटर. अशी 1000 पावले झाली की एक मैल होई. हजाराला लॅटिनमध्ये 'मिल्ले' म्हणत, त्यावरून इंग्रजी 'माइल' आणि आपला मैल आला. पुढे या पासुसपासून फ्रेंच भाषेत 'पुढे जाणे, ओलांडणे' या अर्थाचे क्रियापद तयार झाले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचे थवेच्या थवे इंग्रजीत शिरले. आपला शब्द त्यांतलाच.

पाऊल आणि ओलांडणे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे अर्थ सोपे होतात. परीक्षा ओलांडली की पास. डोंगर जिथून ओलांडता येतो ती जागाही इंग्रजीत पासच. मराठीत तिला खिंड म्हणतात, उर्दूत दर्रा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगडाच्या वाटेवर पावनखिंड आहे. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी हीच वाट प्राण देऊन अडवून धरली. तुमच्या घरातले कोणी हजला जाऊन आले असेल, तर त्यांचा पासपोर्ट पाहा. त्यात 'पास' आणि 'पोर्ट' असे दोन शब्द आहेत. बंदर किंवा वेस ओलांडण्याचा तो परवाना. केएमटीचा पास, एसटीचा पास हेही परवानेच. खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेलच.

आणि फुटबॉल! शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की कोल्हापूरकर घसा बसेपर्यंत ओरडतात, "पास दे, पास दे!" चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जातो. मला तर वाटते, ते लॅटिन पाऊल सर्वांत स्पष्ट इथेच दिसते.

आता आपल्या वर्गातील अडचण. उर्दूत आणखी दोन 'पास' आहेत आणि त्यांचा इंग्रजीशी काही संबंध नाही. पहिला 'मेरे पास' मधला. तो संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू, कूस यापासून आला. दुसरा फारसी. त्याचा अर्थ पहारा, राखण आणि त्यावरून लिहाज. दिलेल्या शब्दाचा पास ठेवणे, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात. पहारा देणारा तो पासबान. इक्बालांच्या तराण्यात हिमालयाला पासबान म्हटले आहे, ते आठवा. उच्चार एक, लिपीत लिहिणेही एक, पण घराणी तीन!

म्हणून निबंधात 'माझ्या पास पुस्तक आहे' असे लिहू नका. मराठीत 'माझ्याजवळ पुस्तक आहे' किंवा 'माझ्यापाशी पुस्तक आहे' असे लिहितात. हे 'पाशी' आणि 'पासून' त्याच पार्श्वाच्या कुळातले आहेत. म्हणजे तुमचा 'पास' मराठीला परका नाही, फक्त येथे त्याचे रूप वेगळे आहे.

राहिला 'नापास'. हा शब्द इंग्रजांना सांगितला तर त्यांना कळणार नाही. 'ना' फारसी, नालायक, नाराज, नाखूश यांमधला. 'पास' इंग्रजी. दोन दूरदेशीचे शब्द मराठीत भेटले आणि त्यांची जोडी जमली. उर्दू बोलताना आपण 'फेल' म्हणतो. (उर्दू व्याकरणाच्या तासाला मात्र फेल म्हणजे क्रियापद, त्याला घाबरू नये.)

परंतु या जोडशब्दाने पुष्कळ मुलांना रडवले आहे. मूळ अर्थ पाहिला तर एक पाऊल अजून पडायचे आहे, एवढेच तो सांगतो. लोक मात्र 'नापास मुलगा' असे म्हणतात, जणू ते त्याचे नावच. परीक्षा बाजूला राहते आणि शब्द मुलाला चिकटतो. कित्येकांची शाळा अशी सुटली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. 2019 मध्ये कायद्यात बदल झाला आणि पाचवी व आठवीसाठी राज्यांना तशी मुभा मिळाली. मात्र त्याआधी मुलाला पुन्हा परीक्षा देण्याची संधी द्यावी लागते. मागे ठेवणे योग्य की अयोग्य, यावर शिक्षकांमध्येही दोन मते आहेत. 'नापास' हे मुलाचे विशेषण होऊ नये, याबद्दल माझे तरी एकच मत आहे.

स्वाध्याय : 'ना' ने सुरू होणारे पाच शब्द घरी वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. 'मेरे पास वक्त नहीं है' आणि 'स्टेशन के पास मस्जिद है' ही वाक्ये मराठीत लिहा. दोन्हीकडे 'पाशी' चालते का, ते वर्गात बोलून ठरवा.