वाटसरूस उतारशाळेंत कोण नेईल?

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७



ह्या पाठांतील शोमरोन्याचें कार्य आपण बहुधा जखमा बांधण्यापाशींच संपवितों. परंतु त्याचें खरें कष्टाचें काम पुढें होतें. त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, तेथें त्याची काळजी घेतली, आणि पुन्हां येण्याचें वचन दिलें. आज हा पाठ दारूच्या पाशांत सांपडलेल्या बंधूविषयीं वाचूं या.

मानोरा तालुक्यांत उपदेशाचा तोटा नाहीं. येथील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थस्थान. संत सेवालाल महाराजांच्या शिकवणींतही दारूचा निषेध आहे. आपल्या मंडळ्यांतही तो वर्षानुवर्षें होत आला आहे. कायद्याचा उपायही विदर्भांत झाला : वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपुरांत ती २०१५ मध्यें आली व २०२१ मध्यें उठली. ह्या दोहोंचा उपयोग आहेच. परंतु सकाळीं प्याल्यावांचून ज्याचे हात स्थिर होत नाहींत, तो केवळ ‘सोड’ म्हटल्यानें सुटत नाहीं. तो शपथ घेतो, आठ दिवस पाळतो, मोडतो, आणि मग लाजेनें उपासनेसही येईनासा होतो. आपण त्यास लबाड म्हणतों. वैद्यशास्त्र ह्या अवस्थेस आजार म्हणतें.

१९३५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक दलाल हॉटेलांत एकटाच होता. दारू सुटून त्यास सुमारें पांच महिने झाले होते. परंतु व्यापारांत अपयश आलें होतें, आणि मद्यगृह जवळच होतें. तिकडे न जातां त्यानें पाळकांच्या यादींतून वॉल्टर टंक्स ह्यांस दूरध्वनि केला. त्यांच्याकडून मिळालेल्या नांवांच्या मार्गानें अखेर त्याची गांठ बॉब स्मिथ नांवाच्या शस्त्रवैद्याशीं पडली. हा वैद्यही दारूनें ग्रासलेला होता. उपदेश त्यानें पुष्कळ ऐकला होता. परंतु आपल्यासारखाच प्यालेला मनुष्य स्वतःची हकीकत सांगत आहे, हें त्यास नवें होतें. १० जून १९३५ हा त्याच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. तोच ‘अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अथवा ए. ए. ह्या संघाचा स्थापनादिन मानितात. भारतांत हें कार्य १९५७ पासून आहे.

ह्या संघाची रीति साधी आहे. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. फी नाहीं, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणींतून भागतो. कोणत्याही धर्मपंथाशीं संघ बांधलेला नाहीं. कोण आला व काय बोलला, हें बाहेर सांगावयाचें नाहीं. जन्मभराची शपथ घेण्याऐवजीं ‘आजचा दिवस प्यावयाचें नाहीं’ एवढाच निश्चय करावयाचा. पिणाऱ्यांच्या कुटुंबियांकरितां ‘अल-अनॉन’ हा निराळा संघ १९५१ पासून आहे.

आतां उपदेशकानें काय करावें?

पहिलें, वैद्यास विचारावें. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू थांबविली, तर दोन-तीन दिवसांत झटके अथवा भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें. अशास खोलींत कोंडून प्रार्थना करीत बसणें घातक होय. प्रार्थना करावी, आणि सरकारी रुग्णालयांतही न्यावें.

दुसरें, सभा शोधावी. १४४४६ ह्या व्यसनमुक्तीच्या निःशुल्क दूरध्वनीवर, किंवा वाशीमच्या जिल्हा रुग्णालयांत, जवळच्या सभेची चौकशी करावी. निघण्यापूर्वीं वार, वेळ व जागा पक्की करून घ्यावी, एस. टी.चें भाडें खर्चून गेलेल्या मनुष्यास बंद दार दिसलें, तर तो दुसऱ्यांदा येणें कठीण. भरती होऊन उपचार घेण्याची गरज असल्यास पुण्याचें ‘मुक्तांगण’ आहे, तें डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्या दांपत्यानें १९८६ मध्यें उभारिलें.

तिसरें, सोबत जावें. कांहीं सभा सर्वांस खुल्या असतात, कांहीं केवळ पिणाऱ्यांकरितां. आंत प्रवेश नसेल, तर बाहेर बसून राहावें. पहिल्या दिवशीं तो न बोलला तरी चालेल. परततांना ‘काय सांगितलेंस?’ असें विचारूं नये. पुढील सभेसही त्याच्या दारीं जावें. मध्यें तो घसरला, तर त्याच दारीं पुन्हां जावें.

जवळपास सभा नसल्यास, सुटूं इच्छिणारे दोघे मिळून ती सुरू करूं शकतात. मंडळीनें खोली द्यावी. परंतु त्या सभेची उपासना करूं नये, आणि तेथील नांवें व्यासपीठावरून कधींही उच्चारूं नयेत.

टंक्स पाळकांनीं त्या दिवशीं कोणाची दारू सोडविली नाहीं. त्यांनीं केवळ पुढची वाट दाखविली. एवढें तर खेड्यांतील लहानांत लहान मंडळीसही साधेल.

विचाराकरितां प्रश्न :
१. आपल्या मंडळींतून लाजेनें दूर गेलेला बंधु कोण? त्याचें नांव मोठ्यानें न घेतां प्रार्थनेंत स्मरावें.
२. त्याच्या सोबत सभेस कोण जाईल?
३. त्याच्या पत्नीची विचारपूस आपण शेवटची केव्हां केली?