शिष्यवृत्ती मिळाली, आता आभाराचं पत्र

माजी सैनिकाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो. बारावीला साठ टक्क्यांच्या वर गुण असतात, प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजनेच्या यादीत नाव लागतं आणि वर्षाचे ३६ हजार रुपये खात्यात जमा होतात. मुलगा असेल तर ३० हजार. घरात पेढे येतात. मग वडील म्हणतात, "साहेबांना आभाराचं एक पत्र टाक." मुलगी वही घेऊन बसते आणि अडते. कोणते साहेब? मराठीत लिहायचं की इंग्रजीत? काही चुकलं तर पुढच्या वर्षीचे पैसे थांबतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षीच्या गुणांवर आणि वेळेत भरलेल्या अर्जावर होतं. ज्याने एक ओळही लिहिली नाही त्याचंही होतं. पालकांनी ही धास्ती सोडावी, आणि मुलांच्या हातातला पेनही सोडावा. वडिलांनी सांगून लिहवलेलं पत्र पहिल्या वाक्यातच ओळखू येतं. अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या चार ओळी त्याहून कितीतरी सरस.

आता साहेब कोणते ते पाहू. या योजनेचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. हा निधी १९६२ साली उभा राहिला तो लोकांच्या देणगीवर, आणि आजही तो सर्वस्वी देणग्यांवरच चालतो. सरकारी अंदाजपत्रकातून त्यात काही येत नाही. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांना दरमहा २००० रुपयांचं जे शिक्षण अनुदान मिळतं, त्यामागे ध्वजदिन निधी आहे. ७ डिसेंबरला शाळेत आपण छातीवर लावतो त्या छोट्या झेंड्याचा. म्हणजे देणारा माणूस आपल्याला कधीच दिसणार नाही. कदाचित तो आपल्याच वर्गातला असेल. त्याला पत्र लिहिता येत नाही, म्हणून ज्यांच्या हातून काम झालं त्यांना लिहायचं. आपला अर्ज तपासला तो छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने, मंजुरी दिली ती दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाने. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं पत्र जिल्हा कार्यालयाला, मराठीत. दिल्लीला लिहायचं असेल तर इंग्रजीत किंवा हिंदीत. आणि जिल्ह्याच्या पत्रात, ज्यांनी तुमच्या वडिलांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स तीनदा परत पाठवून शेवटी बरोबर करून घेतली, त्या लिपिकांचाही उल्लेख करा. त्यांना असं पत्र सहसा कोणी लिहीत नाही.

फौजी माणसाला लिहिताना हुद्द्याची जागा सांभाळावी. 'कर्नल (निवृत्त) अमुक' असं लिहू नये. 'कर्नल अमुक (निवृत्त)' असं लिहावं. अधिकारी निवृत्त होतो, त्याचा हुद्दा निवृत्त होत नाही, असं सैन्यात मानतात, म्हणून कंस नावानंतर येतो. कॅप्टन असतील तर भूदलाचे की नौदलाचे हे विचारून घ्या. नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, म्हणून त्यांच्या नावापुढे कंसात 'भारतीय नौदल' लिहितात. मायना साधा ठेवा: 'आदरणीय कर्नल साहेब, सप्रेम नमस्कार.' शेवटी 'जय हिंद' आणि 'आपली विश्वासू'. सैन्यात अर्धशासकीय पत्र टाइप केलेलं असलं तरी मायना आणि शेवट अधिकारी स्वतःच्या हाताने शाईने लिहितो. तुम्ही तर अख्खं पत्रच हाताने लिहा. एका पानात मावेल एवढं.

मजकुरात बहुतेकांची गाडी 'आपल्या कृपेने', 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' इथे अडकते. ही शिष्यवृत्ती कुणाची कृपा नाही. तुमच्या वडिलांनी केलेल्या नोकरीचा आणि तुमच्या गुणांचा तो हक्क आहे. हक्काच्या गोष्टीबद्दलही आभार मानता येतात, पण ताठ मानेने. त्यासाठी पैशाचं काय झालं ते सांगावं. उदाहरणार्थ:

'माझी या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यात जमा झाली. त्यातून मी वसतिगृहाच्या दुसऱ्या सत्राची फी भरली आणि एक जुना लॅपटॉप घेतला. त्यामुळे प्रोग्रॅमिंगचा सराव आता खोलीवरच करता येतो. पहिल्या सत्रात गणित कच्चं राहिलं होतं, दुसऱ्यात ते सुधारलं. कागदपत्रांच्या वेळी आपल्या कार्यालयाने धीर दिला, त्याबद्दल मनापासून आभार.'

एवढं पुरे. वर अर्जाचा क्रमांक आणि अर्जात आहे तसंच नाव लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला फाइल सापडते.

काही गोष्टी मात्र टाळायलाच हव्यात. भाऊ किंवा काका अजून सेवेत असतील तर त्यांची युनिट कुठे आहे, कधी हलली, हे पत्रात चुकूनही येऊ नये. युनिटच्या फलकापुढचा फोटो जोडू नये. पत्रासोबत मिठाईचा डबा किंवा शाल नेऊ नये. सरकारी नोकराला भेट स्वीकारण्यावर नियमांची बंधनं आहेत, आणि आपण त्यांना संकोचात टाकतो. त्याच पत्रात धाकट्या भावाच्या अर्जाची विनंती तर अजिबात नको. तिला वेगळा कागद लागतो.

हीच रीत आपल्या शहरातल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या मुलांनाही सांगावीशी वाटते. १९७७ पासून राज्य सरकार ही संस्था चालवतं; दहावीनंतर निवड झालेली मुलं अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. खडकवासल्याला एनडीएत पोहोचलेला मुलगा संस्थेच्या संचालकांना आठवणीने लिहितो, ते बरंच आहे. पण कन्नड, पैठण, वैजापूरच्या शाळेत ज्या सरांनी त्याला परीक्षेची जाहिरात दाखवली, त्यांच्यापर्यंत पत्र जातंच असं नाही. ते जायला हवं. सरकारी योजनेची माहिती खेड्यातल्या घरात पोहोचते ती अशाच माणसांमुळे. त्यांचं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे ते वर्गातही वाचलं जाईल.

पत्र पैसे जमा झाल्यापासून महिन्याभरात जावं. उशीर झालाच तर कारणं न देता लिहावं. आणि पदवी हातात आली की आणखी एक लिहावं: शिक्षण पूर्ण झालं, नोकरी कुठे लागली किंवा पुढे काय करणार आहात, आणि त्याच अभ्यासक्रमाच्या नव्या अर्जदाराला माहिती द्यायची तयारी असेल तर तेही. कार्यालयात दरवर्षी गोंधळलेले आईवडील येतात, त्यांना कुणाकडे तरी पाठवता यायला हवं.