नव्या एअर रायफलीची पारख

प्रश्न : नवी एअर रायफल रेंजवर कशी तपासावी?

उत्तर : दहा मीटरवरील लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटर व्यासाचा असल्याने, आपल्या श्वासाचा दोष रायफलीच्या माथी येऊ नये म्हणून तिला व्हाइसमध्ये पक्की आवळून, 4.49, 4.50 व 4.51 अशा मापांच्या छऱ्यांचे प्रत्येकी दहा बार निरनिराळ्या कागदांवर काढावेत. चपट्या तोंडाचा छरा कागदात पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ भोक पाडतो. त्या छिद्रसमूहाच्या बाह्य कडांतील महत्तम अंतरातून 4.5 मिलिमीटर वजा करता खरा विस्तार मिळतो, आणि तो ज्या छऱ्याने वारंवार किमान भरेल, तोच त्या नळीस मानवला अशी खातरजमा समजावी. समूह मध्यापासून ढळला तरी चिंता नको. साइट फिरवून ते साधते, विखुरलेपण मात्र साधत नाही. पसंत डबीचा लॉट क्रमांक तेवढा अवश्य टिपून ठेवा.