शांत संगणक कसा निवडावा?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. घर लहान असले, तर अभ्यासाची, झोपण्याची आणि संगणकाची खोली एकच असते. रात्री संगणकाचा पंखा घोंगावू लागला, की घरच्यांची झोपमोड ठरलेली! मग कमी खर्चात शांत संगणक जुळवता येईल का? येईल, पण त्यासाठी आवाजाच्या आधी उष्णतेचा विचार केला पाहिजे.

संगणकाचा प्रक्रियक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता बनते. धातूच्या पात्यांचा शीतक आणि त्यावरचा पंखा ती हवेत सोडतात. समजा, पंखा सावकाश फिरत असताना दर वॉटमागे प्रक्रियकाचे तपमान हवेपेक्षा ०.८ अंशाने वाढते. मग ६५ वॉटच्या प्रक्रियकात ६५ × ०.८ = ५२ अंशांची वाढ होईल. खोलीत २० अंश असतील, तर प्रक्रियक ७२ अंशांवर राहील. पण सोलापूरच्या ४२ अंशांच्या दुपारी तोच ९४ अंशांवर पोचेल. तपमान असे चढू लागले, की पंखा जोराने फिरतो. ३५ वॉटच्या प्रक्रियकात मात्र वाढ २८ अंशांचीच, म्हणजे तपमान ७०. पंख्याला धावपळ करण्याचे कारणच उरत नाही.

पंखा मोठा आणि मंद असावा. गती निम्मी केली, की पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, तर ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा १२० मिलिमीटरचा पंखा एक तृतीयांशाहून कमी फेऱ्यांत हलवतो. हवा आत येते तिथे जाळी बसवावी. यंत्रमागाच्या वस्तीत हवेत सुताचे बारीक तंतू असतात; ते शीतकाच्या पात्यांत अडकले, की उष्णता कोंडते. जाळी अधूनमधून झाडावी.

फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारा भागच नसतो. वीजपुरवठ्याच्या पेटीची कार्यक्षमता पाहावी. आतील भागांना ८० वॉट हवे असतील, तर ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी १०० वॉट ओढते आणि २० वॉटची उष्णता करते. ९० टक्क्यांची पेटी सुमारे ९ वॉटचीच.

आता खर्च. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. चित्रे दाखवण्याची सोय प्रक्रियकातच असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नको. त्याची किंमत वाचते आणि पंखाही. इंटेल व एएमडी यांच्या अशा सोयीसाठी लागणारे चालक लिनक्समध्येच असतात. वाय-फायचा भाग मात्र तपासून घ्यावा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिली, की काय चालते नि काय नाही, ते लगेच कळते.

करून पाहा : लिनक्सच्या ‘सेन्सर्स’ या आज्ञेने प्रक्रियकाचे तपमान सकाळी ६ वाजता व दुपारी ३ वाजता नोंदवा. दोन्ही वेळी संगणकावर काम तेच ठेवा. खोलीचे तपमान तापमापीने मोजून वजा करा. दोन्ही वजाबाक्या जवळपास सारख्या येतात का? नसल्यास दुपारी पंख्याच्या फेऱ्या किती वाढल्या, तेही पाहा.