नांगराचा फाळ किती खोल जावा?

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने वर्गात एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांची शेती नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला आहे. टेकाडालगतचा दोन एकरांचा तुकडा त्यांनी तासावर ट्रॅक्टर लावून नांगरून घेतला. ट्रॅक्टर मोठा होता, चालकही हौशी होता. "खोल घालतो, जमीन निघेल" असे म्हणून त्याने नांगर जितका जाईल तितका खाली सोडला. दुसऱ्या दिवशी शेत पाहतात, तो काळसर माती खाली गेलेली आणि पिवळट मुरूम वर आलेला! त्या वर्षी त्या तुकड्यात ज्वारी गुडघ्याच्या वर वाढली नाही. "ट्रॅक्टरमध्ये जोर आहे, नांगर पोलादी आहे, मग खोल नांगरून बिघडले कोठे?" हा त्या मुलाचा प्रश्न.

एका वाक्यात उत्तर देऊन त्याला खाली बसविणे आम्हास बरे वाटले नाही. हैदराबादेतील मराठी घरांपैकी पुष्कळांची मुळे मराठवाड्यात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुलूख हैदराबाद राज्यातच होता. आजही अनेकांचे काका, मामा, आजोबा तिकडे जमीन कसतात. म्हणून नांगर म्हणजे काय, त्यात सुधारणा कशी होत गेली आणि कोठे फसली, हे येथे थोडे विस्ताराने सांगावे असे आम्ही ठरविले.

आपला जुना लाकडी नांगर सर्वांना चित्रात तरी ठाऊक असतो. लांब हळस, हाती धरावयाचे रुमणे आणि खाली लोखंडी फाळ. हा नांगर माती चिरतो व दोन्ही बाजूंस सारतो; उलटवीत नाही. त्याचे तास खाली निमुळते, म्हणून दोन तासांमध्ये न हललेल्या मातीची वरळ राहते. ती काढण्यासाठी शेत उभे नांगरून झाले की पुन्हा आडवे नांगरावे लागे. त्याला अडाणी म्हणण्याची एक फॅशन मध्यंतरी होती. ती आम्हास मान्य नाही. गावचा सुतार तो करी, गावचा लोहार फाळ शेवटून देई, आणि ओलीचा थर उन्हात न आणता जमीन मोकळी करण्याचे काम तो बेताने पार पाडी. मात्र हरळी आणि कुंदा यांच्यापुढे त्याचे काही चालत नसे. या गवतांची मुळे खोल असतात; नुसती चिरल्याने ती मरत नाहीत, उलट तुकड्यातुकड्यांतून नव्याने फुटतात. ती उपटून, उलटी पाडून चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवावी लागतात. त्यासाठी माती पलटणारा नांगर हवा.

माती पलटते ती फाळाच्या मागे बसविलेल्या वळणदार पाटीमुळे. फाळ खालून आडवा छेद घेतो. मातीचा पट्टा पाटीवर चढतो, पाटीच्या पिळाबरोबर वळतो आणि शेजारच्या मोकळ्या तासात पालथा पडतो. तो पूर्ण उलटा होत नाही. थोडा तिरपा, मागच्या पट्ट्यावर रेलून राहतो. पाटी मातीला एका बाजूस ढकलते, तेव्हा माती नांगराला दुसऱ्या बाजूस ढकलणारच. तो रेटा सोसण्यासाठी न नांगरलेल्या कडेला घासत जाणारी एक सरळ पट्टी नांगराला असते. शिवाय फाळाचे टोक किंचित खाली झुकविलेले असते, म्हणून नांगर आपोआप जमिनीत शिरतो. हे टोक झिजले की नांगर वर वर पळू लागतो. मग काही जण त्यावर दगड ठेवतात! दगडाने वजन वाढते, ओढ वाढते, डिझेल जास्त जळते. खरा उपाय नवे टोक हा असतो, आणि तो स्वस्तही पडतो.

पाटीचा पीक कसा असावा यावर युरोप-अमेरिकेत शेदीडशे वर्षे डोकी झिजली. स्कॉटलंडचे जेम्स स्मॉल यांनी अठराव्या शतकात पाटीचे वळण गणिताने बसविण्याचा प्रयत्न केला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन यांनीही कमीत कमी अडथळा करणाऱ्या पाटीचा आराखडा केला. पण आपल्याला अधिक जवळची गोष्ट आहे ती जॉन डियर या लोहाराची. पूर्वेकडील हलक्या जमिनीत उत्तम चालणारे बिडाचे नांगर इलिनॉयच्या काळ्या, चिकट मातीत आले की माती पाटीला चिकटून बसे आणि शेतकऱ्याला पावलोपावली थांबून ती खरवडावी लागे. १८३७ साली डियर यांनी मोडक्या करवतीच्या पोलादाचा, घासून गुळगुळीत केलेला नांगर बनविला. त्यावरून माती घसरू लागली. ज्याने आपल्याकडची ओली रेगड जमीन पायाने तुडविली आहे, त्याला या सुधारणेचे मोल सांगावयास नको.

आपल्याकडे हे काम लक्ष्मणराव किर्लोस्करांनी केले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकविणारे हे गृहस्थ बेळगावास आले, सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आणला. गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानात निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथून निघालेले नांगर हळूहळू गावोगाव पोचले. ही कथा सांगताना शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवण्याची रीत आहे. आम्हास वाटते, त्यात शेतकऱ्याची बाजूही पाहावी. नवा नांगर बिघडला तर तो दुरुस्त कोण करणार, झिजलेला फाळ कोठे मिळणार, आणि तो ओढण्यास बैल किती लागणार, हे प्रश्न त्याच्यापुढे होते. फाळ सुटे मिळू लागले, नांगर टिकतो हे शेजाऱ्याच्या शेतात दिसले, तेव्हा त्याच शेतकऱ्याने तो घेतला.

बैल किती लागणार, याचा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. मध्यम भारी जमिनीत, ठीक ओल असता, मातीच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलोग्रॅम ओढ लागते असे धरू. २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास घेणाऱ्या एका फाळाचा छेद ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणून ओढ १८० किलोग्रॅम. बैल आपल्या वजनाच्या सुमारे एक-दशांश ओढ दिवसभर टिकवू शकतो. चांगली जोडी फार तर ८० ते ९० किलोग्रॅम. म्हणजे या एका फाळाला दोन जोड्या! लोखंडी नांगराला चार बैल जुंपलेले जुन्या माणसांनी पाहिले असतील. त्याचे कारण हे.

आता ट्रॅक्टर घेऊ. दोन फाळ, प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंद, खोली १५ सेंटिमीटर. एकूण छेद ९०० चौरस सेंटिमीटर, ओढ ५४० किलोग्रॅम. ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.११ मीटर वेग धरला, तर काम सेकंदाला सुमारे ६०० किलोग्रॅम-मीटर होते. ७५ ने भागले की ८ अश्वशक्ती. खोली दुप्पट, ३० सेंटिमीटर केली की ओढ १०८० किलोग्रॅम आणि शक्ती १६ अश्वशक्ती. शेतात इंजिनाच्या शक्तीपैकी निम्म्याहून थोडीच अधिक ओढीच्या कामी येते, म्हणून इंजिन ३० अश्वशक्तीच्या आसपास लागेल. आणि खालचा थर वरच्याहून घट्ट असतो, म्हणून प्रत्यक्षात याहूनही जास्त. मातीचे वजन पाहिले तर अधिकच आश्चर्य वाटते. एका एकरात १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे ८५० टन माती असते. ३० सेंटिमीटर नांगरणारा मनुष्य एकरी १७०० टन माती हलवितो, आणि तिचे भाडे देतो.

ट्रॅक्टर आला तेव्हा पहिल्या काळात नांगर त्याच्यामागे गाडीसारखा अडकवीत. फाळ दगडात अडकला की चाके रुततात किंवा फिरत राहतात, पुढची बाजू उचलली जाते, आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. असे किती तरी लोक दगावले. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी यावर जो तोडगा काढला तो आज जगातील बहुतेक शेतांत दिसतो. नांगर तीन ठिकाणी जोडावयाचा: खालच्या दोन दांड्या ओढतात, वरची एक दांडी ट्रॅक्टरला पुढे दाबते. नांगर अडला की हा दाब वाढतो व पुढची चाके जमिनीवर टेकलेली राहतात. मातीचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकडही वाढते. शिवाय हाच दाब तेलाच्या झडपेला कळवितो आणि लिफ्ट नांगर किंचित वर उचलते. १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरांवर ही जोडणी आली. या ठिकाणी शेतावर जाणाऱ्या आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगून ठेवतो: अडकलेली वस्तू ओढण्यासाठी साखळी मागच्या आसाच्या वर कधीही बांधू नये. तसे केले की फर्ग्युसनपूर्वीचा धोका परत येतो.

असा हा ट्रॅक्टरचा नांगर. शक्तीचा प्रश्न सुटला, आणि नेमके तेथेच नवे प्रश्न उभे राहिले. बैल थकत, म्हणून खोली आपोआप मर्यादेत राही. ट्रॅक्टर थकत नाही. शिवाय नांगरताना त्याची एका बाजूची चाके मागच्या तासाच्या तळातून चालतात. दरवर्षी त्याच खोलीवर नांगरले की तासाखाली एक घट्ट थर बसतो, पाणी त्यात मुरत नाही आणि मुळे त्यावर पसरून राहतात. मग तो फोडण्यासाठी माती न पलटता खोल चिरणारा, अरुंद दाताचा नांगर लागतो. म्हणजे लाकडी नांगराचेच तत्त्व पोलादात परत आले! उताराच्या शेतात आणखी एक अडचण. साधा नांगर माती नेहमी एकाच हाताला टाकतो. परत येताना दिशा बदलते, म्हणून शेतात कोठे वरंबा, कोठे उघडे तास राहते. पलटी नांगरात फाळांचे दोन संच असतात. टोकाला गेल्यावर तो फिरविला की माती पुन्हा त्याच बाजूस पडते. उताराला आडवे नांगरून माती वरच्या अंगाला टाकता येते, आणि पावसाबरोबर खाली सरकणारी माती थोडी तरी माघारी नेता येते. आमच्या मते ट्रॅक्टरच्या नांगरात गेल्या काही दशकांत आपल्या भागास सर्वांत उपयोगी पडलेली सुधारणा हीच.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या आवारात तांबडी चल्का आणि काळी रेगड, दोन्ही जमिनी आहेत, म्हणून या प्रश्नाच्या अभ्यासाला ती जागा फार सोयीची. तांबडी जमीन वाळली की विटेसारखी होते आणि तिच्याखाली मुरूम किंवा खडीचा थर फार खोल नसतो. काळी जमीन ओली असता चिकटते, वाळली की तिची ढेकळे दगडासारखी. मध्ये वाफशाचे थोडे दिवस मिळतात. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत उतरते, आणि अशा रीतीने ती स्वतःलाच थोडी नांगरून घेते. तिला दरवर्षी खोल नांगरण्याची गरज नसते. हरळी-कुंदा माजला नसेल तर एरवी वखराच्या पाळ्या पुरतात.

इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीसाठी १५० सेंटिमीटरचे रुंद वरंबे आणि सऱ्या काढण्याची पद्धत बसविली, आणि त्यासाठी बैलांनी ओढावयाचा चाकांचा सांगाडा वापरला. नांगर, वखर, पाभर, सर्व त्याच सांगाड्यावर बसे. यंत्र म्हणून तो खरोखर सुरेख. तरी शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. किंमत फार, वजन फार, आणि एक बिघडले की सगळेच अडले. १९८८ साली पॉल स्टार्की यांनी निरनिराळ्या देशांतील अशा सांगाड्यांचा इतिहास लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'परिपूर्ण, तरीही नाकारलेले' असा आशय आहे. किर्लोस्करांचा नांगर आधी नाकारला गेला आणि मग घेतला गेला. हा सांगाडा मात्र मागे पडला. फरक पोलादाचा नव्हता. एकाचा सुटा फाळ तालुक्याच्या गावी मिळत होता. पण रुंद वरंब्याची कल्पना वाया गेली नाही. आज मराठवाड्यात सोयाबीन पेरणारी बीबीएफ यंत्रे ट्रॅक्टरमागे जोडून हेच वरंबे काढतात. बैल गेले, सांगाडा गेला, वरंबा राहिला.

आता त्या देगलूरच्या तुकड्याकडे वळू. त्या जमिनीत चांगली माती जेमतेम वीतभर होती. ट्रॅक्टरने ती खाली गाडली आणि ज्यात मुळांना खाण्यासारखे काही नाही असा मुरूम वर आणला. नांगर वाईट नव्हता, चालकाचा हेतूही वाईट नव्हता. नांगरण्यापूर्वी खड्डा खणून मातीचा थर कोणी मोजला नव्हता, इतकेच. मुलाने हे सर्व आजोबांना पत्राने कळविले. त्यांनी दोन वर्षे त्या तुकड्यात शेणखत आणि गाळ घातला, बांधाच्या रेषेला आडवी, उथळ नांगरट करून घेतली, आणि पिकाला थोडी उभारी आली. गेल्या उन्हाळ्यात तो मुलगा गावी होता. त्याने येऊन सांगितले की, ट्रॅक्टरवाल्याने पहिले तास काढताच आजोबा त्याला थांबवितात, तासात उकिडवे बसतात आणि हाताची वीत उभी धरून पाहतात. अंगठा वर बुडला, तर नांगर उचलावयास लावतात.