आकडा आणि निकाल

चि. सौ. सुमन हिस,


तुझे पत्र पोहोचले. बत्तीस वर्षांच्या ज्या बाईचा एएमएचचा आकडा 0.8 आला, तिला 'दुसरीच्या बीजाखेरीज मार्ग नाही' असे सांगून मोकळे होण्याचा तुझा मनसुबा मला घाईचा वाटतो.

लहान बीजकोशांच्या पेशींतून स्रवणारे एएमएच हे संप्रेरक अंडाशयात शिल्लक किती आहे याचा अदमास देते, आणि त्यास पाळीच्या आरंभी सोनोग्राफीत मोजलेल्या 2 ते 10 मिलिमीटरच्या बीजकोशांची व वयाची जोड दिली म्हणजे, अंडाशय इंजेक्शनांना कितपत दाद देईल हे बऱ्याच अंशी वर्तवता येते. परंतु बीजे किती हाती येतील हा एक प्रश्न आणि त्यांतून मूल होईल काय हा दुसरा, व या दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी वयाच्या स्वाधीन असते. 1978 साली इंग्लंडात जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब कन्या इंजेक्शनांवाचून, नैसर्गिक पाळीत मिळालेल्या एकाच बीजातून झाली. आणि मुंबईच्या केईएममध्ये इंदिरा हिंदुजा व आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना 6 ऑगस्ट 1986 रोजी यश आले, तेव्हा एएमएचच्या आकड्यावरून कोणास दारातून परत लावण्याची सोयच नव्हती!

उलट पक्षी, 3.5 च्या पुढचा आकडा पाहून हर्षभरित होणाऱ्यांचीच मला अधिक धास्ती वाटते. पीसीओएसच्या अशा तरुण मुलीस बेताबाताने मात्रा दिली नाही, तर बीजे ढीगभर मिळतात आणि पोटात पाणी साचून, रक्ताच्या गुठळ्या होऊन, जीवावर बेतते; तिथे अँटॅगोनिस्टची पद्धत धरावी, बीज पक्व करण्यास एचसीजीऐवजी अ‍ॅगोनिस्ट द्यावे, व गर्भ गोठवून पुढील पाळीची वाट पाहावी. कमी साठ्याच्या बाईंत मात्र 300 युनिटांपलीकडे मात्रा रेटल्याने बीजे क्वचितच वाढतात. बिल तेवढे खात्रीने वाढते. सोलापुरात विड्या वळून संसाराला हातभार लावणाऱ्या, घरी तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या ज्या स्त्रिया दिवसाची मजुरी बुडवून तुझ्या दारी बसतात, त्यांना हा हिशेब त्यांच्या भाषेत, आणि शक्यतो सासूबाईंना बाहेर बसवून, समजावून दे.

साठा कमी असल्यास कालहरण करू नये, हेही तितकेच खरे. स्पेनमधील व भारतीय स्त्रियांची तुलना करणाऱ्या 2014 च्या अभ्यासात आपल्याकडील अंडाशय सुमारे 6 वर्षे अगोदर ओसरताना दिसले. तेव्हा त्या बाईंच्या बीजकोशांची गणती, गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या काय (त्यांनी एएमएच तात्पुरते उतरते), अंडाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती काय, आणि यजमानांच्या वीर्यतपासणीचा अहवाल, ज्याचा तुझ्या चार पानी पत्रात उल्लेखच नाही, एवढे कळव. तोवर दुसरीच्या बीजाची तजवीज तहकूब ठेव.

तुझी,
आत्या