फुटलेल्या काचेचे विज्ञान आणि विम्याचे गणित

मैदानालगतच्या रस्त्यावर खडीसाखरेसारख्या काचेच्या खड्यांचा सडा पडलेला तुम्ही कधीतरी पाहिला असेल. कोणाचा तरी चेंडू उभ्या मोटारीच्या बाजूच्या काचेवर बसलेला असतो. घरातला काचेचा पेला पडला तर त्याचे लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे होतात. मोटारीच्या खिडकीचे मात्र हजारो बारीक, बोथट खडे होतात. दोन्ही काचाच, मग हा फरक का? आणि मोटारीचा मालक कपाळाला हात लावून विचारतो तो प्रश्नही महत्त्वाचाच: याचा खर्च विमा कंपनी देईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, दुसऱ्याचे साध्या टक्केवारीत. दोन्ही आपण क्रमाने पाहू.

काच फुटते कशी?

काच दाबली तर ती पुष्कळ भार सोसते. ताणली तर मात्र लवकर तुटते. याचे कारण तिच्या पृष्ठभागावर असते. काच कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म भेगा असतात. काच वाकली की तिची एक बाजू ताणली जाते. त्या बाजूच्या भेगेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि भेग पुढे सरकते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास हा सिद्धान्त मांडला. काचवाला हिऱ्याच्या टोकाने काचेवर नुसती एक रेघ ओढतो आणि अलगद दाब देऊन काच त्या रेघेवर मोडतो, तेव्हा तो याच तत्त्वाचा उपयोग करत असतो.

मग काच मजबूत करायची कशी? भेगा तर घालवता येत नाहीत. पण पृष्ठभाग कायमचा दाबून धरला, तर भेगांची तोंडे मिटलेली राहतील. मोटारीच्या बाजूच्या काचेत हीच युक्ती केलेली असते. अशा काचेला टफन्ड काच म्हणतात.

दाबाचे कवच

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, हे तुमच्या आजोबांना विचारा. धाव तापवून लाल करतात. ती प्रसरण पावते आणि चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओततात. धाव थंड होऊन आकुंचन पावते आणि चाकाला सर्व बाजूंनी आवळते. धाव स्वतः ताणात राहते, लाकूड दाबात राहते, आणि चाक घट्ट होते.

टफन्ड काचेत असेच घडते, फक्त आवळणारा भाग आत असतो. काच आधी हव्या त्या मापाला कापतात, तिची भोके पाडतात, कडा घासतात. नंतर ती भट्टीत सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, हवा तो बाक देतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी गार हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर आधी थंड होऊन घट्ट बनतो. आतला भाग अजून गरमच असतो. तो मागाहून थंड होतो, आकुंचन पावू लागतो आणि घट्ट झालेल्या वरच्या थराला आत ओढतो. परिणामी वरचा थर कायम दाबात आणि गाभा कायम ताणात राहतो.

काच ४ मिलिमीटर जाडीची असेल, तर दोन्ही बाजूंना साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा थर दाबात असतो, मधला २.४ मिलिमीटरचा गाभा ताणात असतो. आता बाहेरून कोणी काच वाकवली, तर आधी हा साठलेला दाब संपवावा लागतो, त्यानंतरच पृष्ठभागावर ताण येतो. म्हणून टफन्ड काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट बळकट असते.

पण एखाद्या कठीण टोकाने ते ०.८ मिलिमीटरचे कवच भेदले आणि भेग गाभ्यापर्यंत पोचली, की सगळा खेळ आटोपतो. गाभ्यात ताणाच्या रूपाने साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात. एक मीटर लांबीची काच पार करायला तिला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. म्हणूनच टफन्ड काचेला एकच तडा गेला असे सहसा दिसत नाही. ती एक तर अख्खी असते, नाही तर खड्यांचा ढीग असते.

या प्रकारची मौज युरोपात सतराव्या शतकातच लोकांना ठाऊक होती. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की शेपटी असलेला एक मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. पण शेपटीचे टोक मोडले की क्षणात त्याची भुकटी होते. इंग्लंडमध्ये प्रिन्स रूपर्टने हे मणी राजे दुसरे चार्ल्स यांना दाखवले, म्हणून त्यांना ‘रूपर्टचे थेंब’ असे नाव पडले. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे. हा प्रयोग मात्र घरी मुळीच करू नका. काचेची भुकटी डोळ्यांत गेली तर कायमची इजा होते.

समोरची काच वेगळी का?

समोरची काच अशी खड्यांत फुटली, तर भर वेगात चालकाला क्षणभर काहीच दिसणार नाही. म्हणून ती वेगळी बनवतात. काचेच्या दोन तावांमध्ये चिवट, पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून ती एकजीव करतात. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. एडुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण तुकडे विखुरले नाहीत. पात्रात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर आतून चिकटून राहिला होता. त्यातूनच पुढे लॅमिनेटेड काच जन्माला आली.

हा फरक कधी कधी प्राणांशी निगडित असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात काही माणसे बंद मोटारींत अडकून दगावली. समजा, दाराची रुंदी १ मीटर आहे आणि बाहेर पाणी दारावर अर्धा मीटर चढले आहे, आत पाणी नाही. तर पाणी दार आत ढकलते ते सुमारे १२५ किलोग्रॅम वजनाएवढ्या बलाने! दार उघडणे जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी पट्टा सोडून, पाणी आणखी चढण्यापूर्वी खिडकीची काच खाली करायची असते. ती उतरत नसेल, तर अणकुचीदार टोकाच्या छोट्या हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात ठोसा मारायचा. काचेचा मध्यभाग लवतो, कोपरा लवत नाही. समोरच्या काचेवर मात्र हातोडी चालवून वेळ दवडायचा नाही. ती तडकेल, पण वाट देणार नाही. अलीकडच्या काही मोटारींत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. म्हणून आपल्या मोटारीच्या काचेच्या कोपऱ्यातील छाप आजच वाचून ठेवा.

नवी काच बसवताना

काच फुटली की पहिले काम म्हणजे तुकड्यांना उघडा हात न लावणे. खडे बोथट असले तरी त्यांच्या कडा बोट कापू शकतात. फुटलेल्या काचेचे आणि मोटारीचे फोटो घ्यावेत. चोरीसाठी काच फोडली असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. विमा कंपनीकडे मागणी करायची असेल, तर दुरुस्तीपूर्वी तिला कळवावे. दुरुस्ती आधी उरकली, तर नुकसान तपासायला काहीच उरत नाही.

गॅरेजमध्ये कारागीर दाराचे आतले पॅनेल उतरवतो. दाराच्या पोकळीत पडलेले खडे तो काढून घेतो. हे काम कंटाळवाणे, पण महत्त्वाचे असते. राहिलेले खडे दारात खुळखुळतात आणि नव्या काचेवर ओरखडे पाडतात. मग काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि काच जिच्यातून सरकते ती रबरी पट्टी तपासून तो नवी काच बसवतो. ती दोन-चार वेळा वर-खाली करून झाली की पॅनेल परत लावतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टफन्ड काच तयार झाल्यावर तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. तसे करायला गेल्यास कवच भेदले जाऊन ती खड्यांत विखुरते. म्हणून त्या मोटारीसाठीच घडवलेली काच आणावी लागते. साध्या काचेचा तुकडा कापून खिडकीत बसवणे हे तर सुऱ्यांशेजारी बसून प्रवास करण्यासारखे आहे. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक आहे ना, ते पाहून घ्यावे.

विम्यात काय बसते?

विम्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. समजा, एका गावात १,००० मोटारी आहेत. वर्षात त्यांपैकी २० मोटारींच्या काचा फुटतात आणि प्रत्येकीला ३,५०० रुपये खर्च येतो. एकूण खर्च झाला ७०,००० रुपये. कोणाची काच फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही; पण प्रत्येकाने ७० रुपये दिले तर सर्वांचे भागते. जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाचा ‘मोठ्या संख्यांचा नियम’ १७१३ साली प्रसिद्ध झाला. संख्या जितकी मोठी, तितका सरासरीचा अंदाज भरवशाचा, हे त्याचे सार. विम्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’, म्हणजे त्रयस्थाचा विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे. करारातला पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि बाकीचे सगळे जग तिसरा पक्ष. आपल्या मोटारीने दुसऱ्याची काच फुटली, तर भरपाई या विम्यातून मिळू शकते. आपलीच काच फुटली तर यातून एक पैसाही मिळत नाही, कारण आपण तिसरे नाही.

दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असतो. अपघात, चोरी, आग, दंगल, पूर, भूकंप यांमुळे झालेले नुकसान त्यात येते. चेंडूने फुटलेली काचही येते. पण झिजून किंवा बिघडून बंद पडलेली यंत्रणा त्यात येत नाही. काच फोडून चोराने आतले दप्तर नेले, तर काचेचे पैसे मिळतील, दप्तराचे सहसा मिळणार नाहीत.

नुकसान झालेला भाग जुना असेल तर कंपनी घसारा वजा करते. सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा असतो, काचेवर मात्र शून्य! काच जुनी झाली म्हणून तिची किंमत घटली असे धरत नाहीत. पण प्रत्येक दाव्यात पहिली ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. १,५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीसाठी ती १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी २,००० रुपये असते.

दावा करावा की नाही?

आता गंमत पाहा. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. लागोपाठ दावा न केलेल्या वर्षांनुसार ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. एक दावा केला की ती शून्यावर येते.

समजा, एका लहान मोटारीच्या मालकाला सध्या २५ टक्के सूट आहे. सूट वजा करण्यापूर्वीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि तो तसाच राहील असे धरू. काच ३,५०० रुपयांत बदलली. १,००० रुपये स्वतःचे वजा जाता कंपनीकडून मिळतील २,५०० रुपये. पुढच्या वर्षांतील सुटीची तुलना अशी:

दावा न केल्यास: ३५, ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के.
दावा केल्यास: ०, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के.
फरक: ३५, २५, २५, १५, ५, ० टक्के.

फरकांची बेरीज १०५ टक्के, म्हणजे ८,४०० रुपये. २,५०० रुपये मिळवण्यासाठी पाच वर्षांत ८,४०० रुपये जादा भरावे लागतील! मोटार जुनी होते तसा हप्ता कमी होत जातो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. पण निष्कर्ष तोच. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ही सूट टिकवण्याची सोय देतात. ती घेतली असेल तर हिशेब बदलतो. म्हणून दावा करण्यापूर्वी पॉलिसी वाचावी आणि मगच कागद-पेन्सिल घ्यावी. विमा हा मोठ्या आपत्तीसाठी असतो. जो खर्च आपण सहज सोसू शकतो, तो सोसणेच बहुधा स्वस्त पडते.

करून पाहा, सोडवून पाहा

१. कोणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून, निरभ्र दिवशी उभ्या मोटारीच्या मागच्या काचेकडे तिरपे पाहा. सूर्याकडे मात्र पाहू नका. काचेवर ठिपक्यांची रांगोळी दिसेल. गार हवेच्या झोतांनी काचेत कोंडलेल्या दाब-ताणाच्या त्या खुणा आहेत.

२. वरील मालकाला आधीच ५० टक्के सूट मिळत असती, तर एका दाव्याने त्याचे एकूण किती नुकसान झाले असते? (उत्तर: १०,००० रुपये.)

३. पुरात त्याच मोटारीचे ६०,००० रुपयांचे नुकसान झाले आणि त्यातले ४५,००० रुपये कंपनी द्यायला तयार आहे. आता दावा करावा का? आकडे मांडून घरच्या मंडळींना पटवून द्या.